पिकाचा पारा आणि मजुराचा घाम

फेब्रुवारीच्या मध्यावर गुलाबाचा मोठा हंगाम आटोपतो, मावळातल्या पॉलिहाऊसांमधली धावपळ ओसरते आणि त्याच सुमारास उन्हाचा चटका सुरू होतो. मार्चअखेरच्या एखाद्या दुपारी अशा प्लास्टिकच्या घरात पाऊल टाकले की ओल्या फडक्याने तोंड झाकल्यासारखे वाटते. आत झाडांच्या उंचीवर एक तापमापक टांगलेला असतो. त्याकडे दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी बघून जाते, कारण गुलाबाला दिवसा २५ ते २८ आणि रात्री १५ ते १८ अंश सेल्सिअस मानवते, आणि पारा चढला की कळी लहान राहते, दांडा आखूड होतो, भाव पडतो. त्याच तापमापकाखाली खुडणी, छाटणी, तण काढणे अशी कामे करणाऱ्या बायका असतात. त्यांना किती अंश मानवते, हे त्या पाऱ्याला कुणी विचारत नाही.

यातल्या काहीजणी मार्च ते जून या काळात सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. डोके दुखते, गरगरते, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी गडद होते, जळजळते. केसपेपरवर बहुधा ‘अशक्तपणा’ किंवा ‘चक्कर’ एवढेच लिहिले जाते, सलाईन लागते आणि दोन दिवसांनी बाई पुन्हा कामावर जाते. काम कोठे करता, हे विचारायला गर्दीच्या ओपीडीत सवड नसते. पाणी का कमी पिता, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: जवळ संडास नाही. उष्णतेच्या आजाराची निम्मी कहाणी या एका उत्तरात येते.

अशा वेळी हरितगृहाचे तापमान जमिनीच्या पोटातून आवरण्याची जी कल्पना पुन्हा चर्चेत येऊ लागली आहे, तिच्याकडे केवळ शेतीचे तंत्र म्हणून पाहून भागणार नाही. कल्पना चांगली आहे. पण ती कुणाच्या फायद्यासाठी आणि कशी राबवली जाते, यावर तिचे आरोग्याच्या दृष्टीने मोल ठरणार आहे.

हरितगृह का तापते, याचे शाळेत दिलेले उत्तर असे की काच ऊन आत घेते आणि उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देत नाही. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन छोट्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर सैंधव मिठाची चकती. सैंधवातून उष्णतेचे किरण सहज आरपार जातात, तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य करामत किरण अडवण्याची नसून तापलेली हवा कोंडून ठेवण्याची होती. आपल्याकडे वापरतात त्या साध्या पॉलिथीनचीही गत सैंधवासारखीच आहे. दिवसा हवा कोंडते म्हणून आत भट्टी होते, आणि रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता प्लास्टिकमधून निसटून जाते. वारा नसलेल्या थंडीच्या रात्री आतला पारा कधी कधी बाहेरच्यापेक्षाही खाली उतरतो, हे पॉलिहाऊसवाल्यांना अनुभवाने ठाऊक असते.

तेव्हा गंमत अशी होते की जानेवारीत दुपारी दोन वाजता बाजूचे पडदे गुंडाळून जी उष्णता हुसकावून लावली, तीच पहाटे चार वाजता हवीहवीशी वाटते. निफाडच्या पट्ट्यात पारा ४-५ अंशांवर येतो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी सोडले जाते. पाणी सोडण्यामागचे शहाणपण जुने आहे. विहिरीचे पाणी थंडीत कोमट आणि वैशाखात गार लागते. खरे तर ते दोन्ही ऋतूंत जवळपास तेवढेच असते, बदललेले असते ते आपले अंग आणि बाहेरची हवा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकली, त्यातही खोलवरच्या या स्थिर तापमानाचा वाटा होता. (त्याच पेवात माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून बघायची रीत होती, कारण कोंडलेल्या हवेत प्राणवायू नसतो. बंद जागेतल्या हवेचा विचार माल ठेवणाऱ्या आणि माणूस उतरवणाऱ्या अशा दोघांच्या बाजूने करावा लागतो, हे त्या लोकांना कळत होते.)

माती तापते हळू आणि निवतेही हळू. दिवस-रात्रीचा चढउतार जमिनीत हातभर खोलीच्या आतच विरून जातो. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार त्याहून खोल पोहोचतो, पण तीन मीटरवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो आणि तिथले तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास रेंगाळते. शिवाय मातीत उष्णता मावते फार. एक घनमीटर ओलसर माती एका अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेत सुमारे दीड ते दोन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापेल. पायाखाली एवढी मोठी कोठी असताना दुपारची उष्णता तिथे ठेवावी आणि पहाटे काढावी, हा विचार सुचणे साहजिक आहे. त्यासाठी जमिनीत नळ पुरायचे आणि पंख्याने त्यांतून हवा फिरवायची. हवा बाहेरून घेतली तर ती खुली रचना. हरितगृहातलीच हवा नळांतून फिरवून परत आत आणली तर ती बंद रचना.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अलायन्स या गावी रस फिंच नावाच्या निवृत्त पोस्टमनने या पद्धतीवर संत्री पिकवून दाखवली. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत जातो, आणि अडीच मीटर खोल माती ११ अंशांवर असते. एवढ्या फरकावर बाग जगते. नेदरलँड्समध्ये तर मातीतल्या नळांऐवजी भूजलाचे थरच कोठीसारखे वापरतात. उन्हाळ्यातले गरम पाणी एका विहिरीत, हिवाळ्यातले थंड पाणी दुसऱ्या विहिरीत. पण त्या दोन्ही देशांची अडचण थंडीची आहे. आपली अडचण दुहेरी आहे, आणि त्यातली मोठी बाजू उन्हाळ्याची.

म्हणूनच आपल्याला जवळचा दाखला गुजरातचा आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंधन संस्थेत प्रा. गिरिजा शरण यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी या विषयावर नेटाने काम केले. प्रबंधन संस्थेत नळ पुरण्याचे प्रयोग व्हावेत याचे कुणाला नवल वाटेल, पण ते झाले. ५० मीटर लांबीचा, १० सेंटिमीटर व्यासाचा पोलादी नळ ३ मीटर खोल पुरला आणि ४०० वॉटच्या ब्लोअरने त्यातून बाहेरची हवा सोडली. मे महिन्यात त्या खोलीवर माती २६.६ अंश होती, जानेवारीत २४.२. मे महिन्याच्या दुपारी नळाच्या दुसऱ्या टोकाला हवा १४ अंशांपर्यंत थंड होऊन बाहेर आली, आणि जानेवारीच्या रात्री साधारण तेवढीच ऊब घेऊन आली. याच पद्धतीने अहमदाबादच्या प्राणिसंग्रहालयात वाघाचा पिंजरा थंड ठेवण्याचाही प्रयोग झाला. पुढे कच्छच्या अबडासा तालुक्यात कोठारा येथे सुमारे १२० चौरस मीटरच्या हरितगृहाला जमिनीखालचे नळ जोडून बंद रचना उभारण्यात आली. थंडीच्या रात्री आतली हवा ९ अंशांवरून २२-२३ अंशांवर यायला अर्धा तास पुरला. मार्चपर्यंत दिवसा सावलीचे कापड आणि मोकळी हवा यांवर भागले. त्यानंतर नळ चालू केल्यावर आतला पारा बहुतेक वेळ ३४ अंशांच्या खाली राहिला.

कच्छची निवड अर्थपूर्ण होती. तिथे पाणी कमी आणि तेही खारे. हरितगृह थंड करण्याची आपल्याकडची प्रचलित रीत पाण्यावर चालते. एक तर भिंतभर ओले पॅड आणि समोर मोठे पंखे, नाही तर वरून धुके सोडणारे फॉगर. महाराष्ट्रात पडदे वर-खाली करायची, नैसर्गिक हवेवर चालणारी पॉलिहाऊसे अधिक आहेत आणि त्यांत फॉगरचीच चलती आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते, पारा उतरतो, गुलाब खूश होतो. इथे माणसाच्या शरीराचा प्रश्न सुरू होतो.

माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता तयार करत असते. वाकून खुडणी करणारी, क्रेट उचलणारी बाई त्याच्या तिप्पट. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते, आणि भोवतालची हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. अंगावरून टपटपणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता घेऊन जात नाही. म्हणून कोरड्या नागपुरात ४२ अंशांतही रिक्षा ओढणारा माणूस सावलीत दहा मिनिटे बसून पुन्हा उभा राहतो आणि मुंबईत ३४ अंशांना जीव नकोसा होतो.

हा हिशेब मांडायला ओल्या फडक्याचा तापमापक वापरतात. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावर हवा सोडायची. जो आकडा दिसेल तो घाम वाळू शकण्याची मर्यादा सांगतो. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तो ३२ च्या जवळ जातो. साधा तापमापक पहिली परिस्थिती वाईट म्हणेल, शरीर दुसरी म्हणेल. २०१० मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी ३५ अंशांचा ओला पारा ही मानवी सहनशक्तीची टोकाची हद्द मांडली होती. पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा दमट हवेत ही हद्द ३१ च्या आसपासच लागली. आणि पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या सगळ्याजणी तरुण आणि निरोगी असतात असे नाही. कित्येकींचे हिमोग्लोबिन मुळात कमी असते, काहींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, आणि त्यांतल्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणाऱ्या असतात.

फॉगरने पारा पाच अंशांनी उतरला तरी ओला पारा जागचा हलत नाही. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती वाफेत लपवते. विदर्भात कूलर लावताना समोरची खिडकी किलकिली ठेवतात ती याचसाठी. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर असूनही खोली चिकचिकते. पॉलिहाऊसचे पडदे बंद असतील, ऊन वरून येत असेल, झाडे आपली वाफ सोडत असतील आणि वर धुके चालू असेल, तर तापमापक शहाण्यासारखा ३२ दाखवत राहतो आणि ओला पारा चढत जातो. मुकादमाला वाटते, आज आत बरे आहे.

जमिनीतल्या नळांचे वेगळेपण इथे आहे. ते उष्णता हवेतून काढून खरोखरच दुसरीकडे नेतात. बंद रचनेत तर दमट हवा थंड नळाला लागून तिच्यातले काही पाणीही नळात ठिबकते, म्हणजे हवा थोडी कोरडी होऊन परत येते. दोन्ही पारे उतरतात. पिकाबरोबर माणसाचेही भागवणारी थंड करण्याची ही रीत आहे, आणि तिच्या बाजूने बोलताना हा मुद्दा क्वचितच मांडला जातो. पाणी वाचते, वीज वाचते, उत्पादन वाढते, एवढ्यावरच जाहिरात संपते.

रात्रीचा फायदा तर आणखी सरळ आहे. थंडीत आत ऊब राखण्यासाठी कोळशाची शेगडी किंवा लाकडाचा धूर करणे हा उपाय स्वस्त वाटतो. बंद प्लास्टिकखाली अर्धवट जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. राखणीला आत झोपलेल्या माणसाला डोके जड होण्यापलीकडे काही कळत नाही, आणि कधी कधी तेवढेही नाही. जमिनीतल्या उबेला धूर नाही.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, कारण या तंत्राचे विक्रेते ती सांगत नाहीत. अहमदाबादच्या प्रयोगात त्या ५० मीटर नळाने मे महिन्यात हवेतून काढलेली उष्णता सुमारे १.३ किलोवॉट भरते. वापरलेल्या विजेच्या सरासरी ३.३ पट. घरातला बरा एसी साधारण याच पटीत काम करतो, तेव्हा यात चमत्कार नाही. नळ अधिक रुंद घेतले आणि हवा सावकाश सोडली तर पट वाढते, एवढेच. आता १० गुंठ्यांचे पॉलिहाऊस घ्या. मे महिन्याच्या भर दुपारी त्याच्या छतातून आत येणारे ऊन ५०० किलोवॉटच्या वर जाते. त्यातले बरेचसे झाडे बाष्प सोडण्यात खर्च करतात हे धरले तरी नळांना झेपणारे हे काम नव्हे. कोठाऱ्यालाही सावलीचे कापड होतेच, आणि ते हरितगृह सव्वा गुंठ्याच्या आतले होते. म्हणजे भर दुपारी सावली आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही. नळ कामाला येतात ते सकाळी, उतरत्या दुपारी आणि रात्री. रात्रीची गळती दुपारच्या उन्हाच्या मानाने फारच कमी असते, म्हणून ऊब देण्याचे काम त्यांना पेलते.

शिवाय जमीन कच्छची नाही, सह्याद्रीच्या अंगणातली आहे. मावळात आणि नाशिकच्या बऱ्याच भागांत हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तीन मीटर खणायचे तर ब्रेकर आणावा लागतो आणि खर्चाचे गणित तिथेच बिघडते. जिथे खोल काळी माती आहे तिथे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नळापासून सुटते. मधे हवेची पोकळी राहिली की उष्णतेची देवघेव मंदावते. कोठीही अमर्याद नाही. दिवसरात्र उष्णता भरत राहिले तर नळाभोवतीची माती तापून बसते, तिला निवायला वेळ द्यावा लागतो. अहमदाबादला नळ दिवसा सात तास चालवून रात्री बंद ठेवला होता तो या हिशेबाने योग्यच होता. आणि ऊब हवी असते पहाटे. तेव्हा शेतीच्या फीडरवर वीज असेल की नाही, हे त्या आठवड्याच्या वेळापत्रकावर अवलंबून. सौर पंपाचा त्या वेळी उपयोग नाही, बॅटरी लागणार.

वैद्यकीय बाजूने नळांची एक खोड लक्षात ठेवायला हवी. ज्या नळात पाणी ठिबकते, त्यात अंधार आणि ओल दोन्ही असतात, आणि बुरशीला आणखी काही लागत नाही. नळाला उतार नसेल, साठलेले पाणी काढायला खड्डा नसेल, तर पंखा सुरू करताच बुरशीचे बीजाणू थेट काम करणाऱ्याच्या श्वासात जातात. दमेकऱ्याला त्याचा त्रास पहिल्या दिवशी होतो, इतरांना हळूहळू. उतार आणि निचरा या दोन गोष्टी नळ पुरतानाच कराव्या लागतात. नंतर तीन मीटर खाली जाऊन कुणी उतार देत नाही.

पण सर्वांत मोठा धोका बंद रचनेच्या आकर्षणात आहे. पडदे बंद ठेवले की कीड कमी येते, पाणी कमी लागते, झाडांना हवा असलेला कार्बन डायऑक्साइड आत राखता येतो. शेतीशास्त्राच्या पुस्तकात हे सगळे फायदेच आहेत. मात्र त्याच बंद घरात फवारणी होते, आणि मग तीच हवा नळांतून फिरून पुन्हा आत येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडोंना रुग्णालयात ठेवावे लागले. ते उघड्या आभाळाखाली होते. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, घामाने भिजलेले अंग. तापलेल्या, ओल्या त्वचेतून औषध अधिक वेगाने आत शिरते. हीच परिस्थिती पॉलिहाऊसमध्ये रोजची असते, फक्त वर आभाळ नसते. फवारणीनंतर किती तासांनी आत जावे हे औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकात लिहिलेले असते. खुडणीची घाई असली की ते डब्यावरच राहते. जमिनीखालचे नळ बसवले म्हणून फवारणीच्या दिवशीही पडदे बंद ठेवण्याची सोय झाली, असे होता कामा नये. त्या दिवशी आणि माहितीपत्रकातली वेळ संपेपर्यंत पंखे बंद आणि पडदे उघडे, हा नियम रचनेच्या आराखड्यातच असला पाहिजे.

हे सगळे पाहणार कोण, हा प्रश्न उरतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याचे आणि तापमान आवरण्याचे कलम घातले गेले. पॉलिहाऊस मात्र शेत समजले जाते. शेताला तापमानाचे कलम नाही, कारण शेतात वारा असतो असे गृहीत धरलेले आहे. उष्णतेच्या लाटेचे इशारे हवामान खात्याच्या सावलीतल्या, मोकळ्या हवेतल्या मोजणीवर निघतात. पुण्याचा पारा ३८ असेल तर इशारा निघत नाही, आणि त्याच दिवशी प्लास्टिकखाली काय चालले आहे हे कोणत्याही नोंदीत येत नाही. अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. तो आराखडा कामाला लागला तो आधी मृत्यू मोजले गेले म्हणून. पॉलिहाऊसमधली चक्कर अजून कुणी मोजलेली नाही.

फलोत्पादन अभियानातून पॉलिहाऊसच्या ठरलेल्या खर्चापैकी निम्मा सरकार देते. हा पैसा सार्वजनिक आहे, तेव्हा अटी घालण्याचा हक्कही आहे. पाइपाची जाडी, प्लास्टिकचे मायक्रॉन, पायाची खोली हे सगळे तपासून मगच अनुदान सुटते. त्या यादीत ओल्या फडक्याचा तापमापक का नसावा? तो काही शेकड्यांत येतो आणि वाचायला कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतो. ओला पारा २८ वर गेला की आतले जड काम थांबवायचे, ३० वर गेला की माणसे बाहेर काढायची, अशी साधी पट्टी लावता येईल. आकडे कामाचा जडपणा पाहून तज्ज्ञांनी ठरवावेत, पण पट्टी असावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने पॉलिहाऊसपासून शंभर पावलांत पिण्याचे पाणी आणि संडास आहे का, एवढे बघून मगच सही करावी. यावरील खर्च ठिबकच्या एका दुरुस्तीपेक्षा जास्त नाही.

आणि जमिनीतल्या नळांचा प्रयोग आपल्या मातीत, आपल्या मापाचा व्हायला हवा. कृषी विद्यापीठांकडे जागा आहे, अभियंते आहेत. निफाडच्या थंडीत एक आणि मावळच्या मुरमात एक, किमान पाच गुंठ्यांचा, तीन वर्षे चालणारा. त्यात दांड्याची लांबी आणि फुलांची संख्या मोजली जाईलच. त्याच वहीत दर तासाचा ओला पारा, काम सुरू करताना आणि संपवताना मजुराचे वजन, दिवसभरात प्यालेले पाणी आणि हंगामाच्या दोन टोकांना रक्तातले क्रिएटिनीन यांचे रकाने पाडले तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा ते काम करू शकते. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे मधुमेह-रक्तदाब नसताना निकामी होऊ लागली. कारणांवर अजून वाद आहे, उन्हातली कष्टाची कामे आणि शरीरातले पाणी घटणे हे संशयितांत वरच्या क्रमांकावर आहेत. तिथे हे लक्षात आले तेव्हा बऱ्याच जणांना डायलिसिसची वेळ आलेली होती.

तोवर प्रयोगाची, अनुदानाची, नळांची वाट न बघता करण्यासारखे एक काम आहे. एप्रिल-मेमध्ये खुडणी पहाटे साडेपाचला सुरू करून दहापर्यंत संपवता येते. फूलही त्या वेळी तोडलेलेच अधिक टिकते. दुपारची कामे प्रतवारीची, बाहेरच्या शेडमध्ये बसून करायची ठेवता येतात. अकरा ते चार या वेळेत आत माणूस नसला, तर पडदे उघडे टाकून त्या तासांत पिकाला काय सोसते ते पाहता येईल.